मारुतीकडचं तोंड

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसले होते. खोटं कशाला सांगू? धुळवडीला सौंसरला माझ्याकडे आला, पानातली पुरणपोळी अर्धी टाकून उठला, "येतो ताई" म्हणाला आणि गेला. त्यानंतर फोन नाही की निरोप नाही. म्हणून त्या दुपारी त्याच्या कारखान्यातल्या मिस्त्रीचं नाव मोबाइलवर दिसलं, तेव्हा मी आधीच तोंड सोडायच्या तयारीत. मिस्त्री म्हणाला, "ताई, साहेब मागच्या आवारात बसले होते... बसल्या बसल्याच..." मी म्हटलं, "पाणी मारा त्याच्या तोंडावर. नाटकं करते तो." धाकट्या भावाच्या मरणाच्या बातमीवर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. मिस्त्री रडायला लागला तेव्हा कुठं मला खरं वाटलं.

विजू लग्नाच्या भानगडीत पडला नाही. पांढुर्ण्याला आमच्या जुन्याच गल्लीत आई आणि तो, दोघंच राहायचे. नागपूरला शिकून इंजिनियर झाला, पुण्याच्या मोठ्या नोकरीचं बोलावणं आलं, तर म्हणाला, "आई एकटी पडते." आणि लोधीखेड्याच्या रस्त्यावर ओळखीतल्या एकाचा काँक्रीटचा कारखाना आहे, तिथं रुजू झाला. तिथं जमिनीखालच्या गटारासाठी काँक्रीटच्या तयार रिंगा ओततात. पुरुषभर रुंदीच्या, एकावर एक ठेवल्या की जमिनीत उभी विहीर तयार होते आणि तिच्यात चारी बाजूंनी पाइप येऊन मिळतात. शहरातले लोक मॅनहोल म्हणतात, आमच्याकडे चेंबर. ती रिंग किती जाडीची, तिच्यात लोखंड किती आणि कुठं, हे ठरवणं विजूचं काम. मी त्याला चिडवायची, "इंजिनियर झाला आणि गटाराचे रांजण घडवून राहिला!" तो हसायचा. त्याला राग येतच नव्हता मेल्याला, सगळा माझ्याच वाट्याला आला होता.

एकदा मात्र त्यानं माझं तोंड बंद केलं. बाजारातून बुरडाकडून दोन टोपल्या आणल्या, संत्री भरायच्या असतात तशा. एकीला बुरडाकडूनच बाजूला तोंड ठेवून घेतलेलं, कामट्या त्या तोंडाभोवती वळवून विणलेल्या. दुसरी साधी होती, तिला त्यानं आईच्या विळ्यानं तेवढंच भोक कापलं. मग दोन्ही अंगणात पालथ्या घातल्या आणि म्हणाला, "बस, ताई." पहिलीवर बसले, ती कुरकुरली पण टिकली. दुसरीवर बसले ती टोपलीसकट खाली! आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग चांगली टोपली गेली म्हणून आम्हा दोघांनाही बोलली. विजू माझ्यासमोर उकिडवा बसला. "पाहिलं? कामट्या तेवढ्याच, भोकही तेवढंच. एकीत कामटी भोकाले वळसा घालून जाते, दुसरीत तुटून जाते. चेंबरचंही असंच आहे. माती चारही अंगानं दाबते, वरून गाडी दाबते, आणि तो सगळा भार रिंगेतली गोल सळई फिरवत असते. सळईच तोडली तर त्या भारानं जावं कुठं?" आमची काळी माती तर तुम्हाला ठाऊकच आहे. पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते, एक दिवस स्वस्थ बसत नाही.

म्हणून विजू नकाशा काढायचा तो आधी तोंडांचा. पाइप किती मोठा, कुठून येतो, दोन तोंडांमध्ये भिंत किती उरते, दोन रिंगांचा सांधा तोंडावर तर येत नाही ना... हे सगळं जमलं की मग भिंतीची जाडी. तोंडाच्या चारही बाजूंनी जास्तीच्या सळया आणि कोपऱ्यांना तिरप्या, कारण तडा पहिल्यांदा तिथून निघतो. "लोक भिंत पाहतात, मी भोक पाहतो," असं म्हणायचा. साइटवर कुणी छिन्नी-हातोडा घेऊन रिंगेला नवीन भोक पाडलं असं कळलं की हा शांत माणूस मोटारसायकल काढून थेट तिथं जाऊन उभा राहायचा आणि ती रिंग बाहेर काढून परत न्यायला लावायचा. ठेकेदार त्याला मागून काय काय म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही.

आणि अशा माणसानं एका रिंगेला भोक पाडू दिलं. जन्मात एकदाच, आणि तेही आमच्याच दारात.

गल्लीत गटाराची लाइन आली तेव्हाची गोष्ट. आमची गल्ली वर मारुतीच्या देवळापासून निघते आणि खाली जाम नदीकडे उतरते. मध्ये आमच्या घरासमोर बाजूची एक बोळ येऊन मिळते, तिथं मोठं चेंबर यायचं होतं, चांगलं खोल. रिंगा विजूच्याच कारखान्यातल्या. त्यानं तीन तोंडं ठेवली होती: एक वर मारुतीकडे, एक बोळीकडे, एक खाली नदीकडे. रिंग खड्ड्यात उतरली, गल्लीतली पोरंसोरं, बाया, म्हातारे सगळे पाहायला जमले. आई देवळातून येत होती. आई रोज सकाळी मारुतीला रुईचा हार घालते, आजारपणातही तिचा तो नेम चुकलेला मला आठवत नाही. ती खड्ड्याशी थांबली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "विजू, हे भोक मारुतीकडं तोंड करून आहे का रे? समद्या गल्लीची घाण त्याच्या समोरून नेऊन राहिला?" शेजारचे नाना, वयानं आईच्याच बरोबरीचे, लगेच म्हणाले, "वहिनी बरोबर म्हणून राहिल्या. देवाकडं गटाराचं तोंड नको." मग काय, सगळी गल्लीच नको नको म्हणायला लागली.

ठेकेदाराच्या माणसानं तोड काढली. वरची लाइन देवळाच्या मागून फिरवायची, बोळीतून आणायची आणि बोळीच्या तोंडाशेजारी दुसरं भोक पाडून आत घ्यायची. मारुतीकडचं तोंड विटांनी बुजवून टाकायचं. मी तेव्हा तिथं नव्हते, पण गल्लीतल्या बाया सांगतात की विजू खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. आई म्हणाली, "बाळा, एवढं माह्यासाठी कर." आईच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "पाडा." छिन्नी चालली, गोल सळया कापल्या गेल्या, आणि दोन तोंडांच्या मध्ये विटेएवढी भिंत उरली. त्यानं बाहेरून काँक्रीटचा पट्टा घातला, वर आणखी लोखंड टाकलं, पण तुटलेल्या कामटीला बाहेरून किती बांधणार? भराई झाली, वर सिमेंटचा कोरा करकरीत रस्ता झाला, गल्लीनं पेढे वाटले. आईनं मारुतीला नारळ फोडला.

त्यानंतरचा विजू मला वेगळा दिसायला लागला, पण का ते कळत नव्हतं. जेवताना गल्लीत ट्रॅक्टरचा आवाज आला की हात पानातच थांबायचा आणि ट्रॅक्टर पुढं गेला की मगच घास तोंडात जायचा. दारासमोरच्या रस्त्यावर टाच आपटून कान देऊन उभा राहायचा. गल्लीच्या तोंडाशी त्यानं काँक्रीटच्या दोन मोठ्या कुंड्या आणून ठेवल्या, त्यात जास्वंद लावली. लोक म्हणाले, वा, विजूभाऊनं गल्लीची शोभा वाढवली! कुंड्यांमुळे मोठी गाडी आत येऊ शकत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पावसाळ्यात चेंबरच्या झाकणाखालून काळं मातकट पाणी वाहताना दिसायचं. पाण्याबरोबर माती जाते आहे म्हणजे ती कुठून तरी जाते आहे, आणि जिथून जाते तिथं पोकळ होते... हे मला त्यानं नंतर सांगितलं, त्या धुळवडीला.

त्या दिवशी तो रंग न खेळताच आला होता. मी वाढलं, तो नुसता पोळी चिवडत बसला. मी ओरडले, "काय झालं बे? कोणाशी भांडला?" तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, वर सांगितलं तसंच, एकेक करून. शेवटी म्हणाला, "ताई, एक पावसाळा निभला. दुसरा निभत नाही."

"मंग खोद ना! वाट कोणाची पाहून राहिला?"

"नवा रस्ता खोदायचा म्हंजे कारण सांगा लागते. कारण सांगितलं का आईले कळते."

"कळू दे की."

"ताई..." तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "ती रोज त्यावरून चालत देवळात जाते. ज्या दिवशी तिले कळंल का हे तिच्या शब्दानं झालं, त्या दिवसापासून ती देवळात कशी जाईल? मी नवी रिंग ओतली आहे. पावसाच्या आधी पाइप तुंबला म्हणून काही तरी सांगतो आणि बदलून टाकतो. तू फक्त आईले सांगू नको. घे माह्या डोक्याची शपथ." आणि पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसानं लहान पोरासारखं माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. मी म्हटलं, "घेतली बाप्पा, घेतली. जेव आता." अर्धी पोळी पानात टाकून तो उठलाच.

त्याच्या तेरवीला मंडपवाल्याचा टेम्पो आला तेव्हा पोरांनी त्या कुंड्या बाजूला ओढल्या आणि टेम्पो मागं मागं घेत थेट आमच्या दारापर्यंत आणला. मागचं चाक झाकणावरून गेलं. लोखंडाचा असा आवाज आला की मी ओसरीतून धावत बाहेर आले. टेम्पोतून पंगतीच्या पट्ट्या निघाल्या आणि रस्त्याच्या मधोमध अंथरायला घेतल्या. सगळी गल्ली, सगळे सोयरे, पोरंबाळं, सगळे तिथंच बसणार होते. मी जाऊन पट्ट्यांवर उभी राहिले. "इथं पंगत नाही बसायची. देवळाच्या आवारात मांडा." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. नाना म्हणाले, "अवं पोरी, दारातच तर बसते तेरवीची पंगत." मी म्हटलं, "माह्या भावाची तेरवी आहे, मी म्हणते तिथंच बसंल!" लोक म्हणाले, दुःखानं हिला काही सुचत नाही. म्हणू द्या. पंगत आवारात बसली. ओसरीतून आई माझ्याकडे टक लावून पाहत होती आणि मी तिची नजर चुकवत वाढत राहिले.

मग मी कारखान्यात गेले. मिस्त्री मला मागच्या बाजूला घेऊन गेला, तिथं ताडपत्री घातलेली एक रिंग वेगळी ठेवली होती. "ही साहेबांनी स्वतः उभं राहून ओतवली, ताई. कोणाच्या ऑर्डरची नाही. विचारलं तर म्हणाले, लागंल." तीन तोंडं होती. एक वर, एक बोळीकडे, एक नदीकडे. मी तिथंच पायरीवर बसले आणि विजू गेल्यापासून पहिल्यांदा भडभडून रडले. मिस्त्री म्हणाला, "याच रिंगेपाशी बसले होते ते. त्या दिवशी." तो कधी पाइप तुंबल्याचं सोंग आणणार होता कुणास ठाऊक.

आता सांगा, मी काय करायचं होतं? शपथ मोडली तर ज्याच्या डोक्याची घेतली त्याला लागते म्हणतात. ज्याचं डोकंच राहिलं नाही त्याला काय लागणार, असं मी स्वतःला समजावत होते आणि तरी मूग गिळून बसले होते. पांढुर्ण्याला आईजवळ राहायला आले होते. रोज सकाळी ती परडी घेऊन निघायची, मी दारात उभी राहून तिची पावलं पाहायची. ती झाकण ओलांडेपर्यंत मी दारातून हलायची नाही. उन्हानं जमीन फाटायला लागली होती. रस्त्याला आमच्या दारासमोर केसाएवढी चीर दिसायला लागली, काही दिवसांनी तिच्यात मुंग्या जायला लागल्या. मी टाच आपटून पाहिली, विजूसारखी. खाली पोकळ वाजलं... आणि त्याच वेळी पलीकडच्या घरातली पोरं त्या चिरेवर आखून लंगडी खेळत होती. मी त्यांना हाकललं. किती दिवस हाकलणार होते?

त्याच दुपारी आई वाती वळत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. टोपल्या, सळया, बुजवलेलं तोंड, पाडलेलं तोंड, धुळवड, शपथ, सगळं. तिनं हातातली वात पूर्ण वळली, बाकीच्या वातींत ठेवली आणि म्हणाली, "म्हंजे माह्यापायी."

"नाही वं आई, ठेकेदारानं..."

"खोटं नको बोलू. शाळेत पोरं शिकवली तू, तुले खोटं जमत नाही." मला वाटलं आता ही पडेल, आता ही रडेल. विजूला याचीच भीती होती आणि ते मी करून बसले होते. आई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि भर उन्हात देवळाच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. एरवी कुणाशी वरच्या आवाजात न बोलणारी माझी आई ओरडून म्हणाली, "या रे समदे! घरात काय लपून बसले?" माणसं जमली. ती म्हणाली, "मी म्हटलं म्हणून माह्या पोरानं मारुतीकडचं तोंड बुजवलं. त्याच्या मनात नव्हतं. तिकडं खाली जमीन पोकळ होऊन राहिली. आता मीच म्हणते, रस्ता खोदा आणि त्यानं आधी जसं केलं होतं तसं करा."

नाना घुटमळले. "पण वहिनी, देवासमोरून घाण..."

"देव पाहून घेईल देवाचं! तो काही तुमच्यासारखा नाक दाबून बसला नाही. पोरं गेली खड्ड्यात म्हंजे त्याले कोणत्या तोंडानं हार घालू मी?" नगरपालिकेच्या अर्जावर पहिला अंगठा आईनं दिला, मग सगळ्या गल्लीनं सह्या केल्या आणि मंजुरीही झाली.

रस्त्याची सिमेंटची लादी उचलली तेव्हा खाली माती नव्हती. चेंबरच्या बाजूनं आतपर्यंत अंधार होता, माणूस मांडी घालून बसेल एवढा. दोन तोंडांच्या मधली ती विटेएवढी भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती, एक तुकडा आत गळून पडला होता आणि कापलेल्या सळयांची टोकं गंजून बाहेर आली होती. विजूनं बाहेरून घातलेला पट्टा तेवढा लोंबत होता. मिस्त्री खाली वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, एवढे दिवस कशावर उभं होतं हे?" नाना माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी घाम पुसला आणि मुकाट्यानं घरी जाऊन आपल्या नातवाला अंगणातून आत ओढलं.

नवी रिंग क्रेननं आणली तेव्हा सगळी गल्ली भिंतींना चिकटून उभी होती. रिंग दोरांवर लटकली आणि मिस्त्री हातानं तिला हळूहळू फिरवायला लागला. वरचं तोंड देवळाकडे आलं, तेव्हा त्या गोल भोकातून पलीकडे मारुतीचा शेंदूर दिसला. आई म्हणाली, "थांबा." कुणी नको म्हणायच्या आत ती पुढं गेली. लटकत्या रिंगेच्या तोंडात तिनं हात घातला आणि कडेवरून सगळीकडे फिरवला. ओतलेल्या काँक्रीटची कड खरखरीत असते, पण ही हातानं घोटून घोटून गुळगुळीत केलेली होती. "हे विजूनं घोटलं आहे," ती म्हणाली. मग तिचा धीर सुटला. "नाही म्हणायचं होतं ना रे मले... एकदा नाही म्हटलं असतं तर काय मी तुले मारलं असतं?" मी तिला धरून मागं घेतलं. मिस्त्रीनं क्रेनवाल्याला हात केला आणि रिंग खाली गेली.

आम्ही वळलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, वरच्या मोहल्ल्यातले. माझ्या ओळखीचे नव्हते. हात जोडून आईला म्हणाले, "माय, तुमच्या गल्लीत देवाकडचं तोंड बुजवलं हे ऐकूनच आमच्याकडंही बुजवलं होतं. देवी आहे आमच्या कोपऱ्यावर. तिथंही बाजूनं भोक पाडलं. विजूभाऊले कोणी विचारलं नव्हतं... आमचं कसं आहे ते आता कोणाले विचारायचं?" आईनं डोळे पुसले. मी म्हटलं, "आई, ऊन फार आहे, आपण उद्या..."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवरून चपला ओढल्या, पायात घातल्या आणि म्हणाली, "चला. कुठं आहे तुमची देवी?"